अव्हर्नसचं तोडलेलं रान

पाताळात उतरायचं असेल तर नेपल्सच्या मोंतेसांतो स्थानकावरून कुमाना लोकल धरायची. डबे जुने, बाहेरून रंगाच्या फवाऱ्यांनी रंगवलेले. आत कॉलेजची पोरं, बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेतलेल्या आज्या, टॉवेल खांद्यावर टाकून समुद्रावर निघालेली कुटुंबं आणि त्यांच्यात अंग चोरून बसलेले आम्ही दोघं भावंडं. दादानं उभं आयुष्य बोगदे खणण्यात आणि कालवे काढण्यात घालवलं. मी शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर इंग्रजी भाषांतरांचा हात धरून रोमन महाकाव्यांच्या नादी लागले. ‘तुझं ते पाताळ बघायला येतो, पण तिथे रोमनांनी खणलेला बोगदा आहे म्हणतेस, तो मला दाखवायचा,’ अशी अट घालूनच दादा निघाला होता.

पोत्सुओली जवळ आलं की डाव्या हाताला समुद्र दिसू लागतो. हा सगळा टापू म्हणजे कांपी फ्लेग्रेई, एका प्रचंड ज्वालामुखीचं बसकं तोंड. इथे ज्वालामुखीचा उंच डोंगर दिसत नाही, जमीनच वरखाली होते. १९८२ ते १९८४ या काळात पोत्सुओली शहर पावणेदोन मीटरहून अधिक वर उचललं गेलं आणि बंदरातल्या होड्या गाळात रुतल्या. शहराच्या मधोमध रोमन बाजारपेठेचे तीन संगमरवरी खांब उभे आहेत. त्यांच्या अंगावर बऱ्याच उंचीवर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं दिसतात. म्हणजे हे खांब कधीतरी समुद्रात बुडाले होते आणि जागचे न हलता पुन्हा वर आले. जमिनीखाली कुणीतरी आहे असं इथल्या माणसांना वाटत आलं, यात नवल नाही. रोमन कवी व्हर्जिलनं आपल्या नायकाला पाताळात उतरवायला हीच जागा निवडली.

त्याचं ‘एनिड’ म्हणजे १२ सर्ग आणि जवळपास ९,९०० ओळी. गोष्ट एका निर्वासिताची. ट्रॉय जळतंय. एनिअस म्हाताऱ्या बापाला, अँकायसिसला, खांद्यावर घेतो, मुलाचा हात धरतो आणि शहराबाहेर पडतो. घरचे देव मात्र तो स्वतः उचलत नाही. लढून हात रक्तानं माखलेले आहेत. वाहत्या पाण्यात धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही, म्हणून तो देव बापाच्या हाती देतो. घरांवर आग कोसळत असताना त्याला एवढं भान आहे. रोमन धर्माची ओळख करून घ्यायला हा एक प्रसंग पुरे. मनात काय आहे याची त्या धर्मानं फारशी चौकशी केली नाही; विधी बिनचूक झाला का, हे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं. यज्ञ करताना डोक्यावर वस्त्र ओढायचं. बळीच्या कपाळावर मीठ घातलेलं पीठ भुरभुरायचं. वरच्या देवांना पांढरं जनावर, खालच्यांना काळं. प्रार्थनेतला शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

फुसारोला उतरून आम्ही बसनं कुमाला गेलो. इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात ग्रीसच्या युबिया बेटावरून आलेल्या लोकांनी इथे वसाहत केली. पश्चिमेकडच्या सर्वांत जुन्या ग्रीक वसाहतींपैकी ही एक. आता एक टेकडी, ओकची झाडं, समोर समुद्र आणि समुद्रात इस्किया बेट. एनिअसची गलबतं याच किनाऱ्याला लागतात. बाकीचे लोक पाणी आणि लाकूडफाटा शोधायला पांगतात, तो मात्र सरळ टेकडी चढून अपोलोच्या देवळाकडे जातो. त्याला सिबिलला भेटायचंय.

सिबिल म्हणजे जिच्या अंगात अपोलोचं वारं येतं ती वृद्धा. ती भविष्य झाडाच्या पानांवर लिहिते आणि पानं क्रमानं लावून गुहेत ठेवते. दार उघडलं, वारा आत आला की पानं उडतात. ती गोळा करायला सिबिल उठत नाही. विचारायला आलेली माणसं चिडून परत जातात. ओव्हिडनं तिची दुसरी गोष्ट सांगितली आहे. अपोलोनं वर माग म्हटल्यावर तिनं मूठभर धूळ उचलली आणि जितके कण तितकी वर्षं मागितली. हजार वर्षं मिळाली, पण तारुण्य मागायचं राहून गेलं. आणि पेट्रोनियसच्या ‘सॅटिरिकॉन’मध्ये एक बढाईखोर यजमान मेजवानीत सांगतो, की मी तिला कुमामध्ये बाटलीत टांगलेली पाहिली, पोरं विचारत होती, तुला काय हवं, आणि ती मरण मागत होती.

तिची म्हणून दाखवली जाणारी गुहा १९३२ साली पुरातत्त्ववेत्ते अमेदेओ मायुरी यांनी शोधली. लांबी १३१ मीटर, उंची सुमारे ५ मीटर. डोंगराच्या मऊ दगडात सरळ कापलेली गल्ली, वर निमुळती, खाली रुंद. समुद्राच्या अंगाला झरोके आहेत. त्यांतून उन्हाचे पट्टे आत पडतात, त्यामुळे चालताना माणूस क्षणात उजळतो, क्षणात विझतो. शेवटी एक दालन. अंगावर काटा यावा अशी जागा आहे, आणि मायुरी यांना व्हर्जिलनं वर्णिलेली शंभर तोंडांची गुहा सापडल्याचा आनंद का झाला असेल, ते इथे कळतं.

दादा भिंतीवरून हात फिरवत चालला होता. छिन्नीच्या खुणा बघत म्हणाला, ‘अगं, हे बाईमाणसाचं काम नाही. हे सैन्याचं काम आहे. किल्ल्याच्या तटाखालची वाट आणि समुद्रावर नजर ठेवायला झरोके.’

आजचे बरेच अभ्यासकही असंच म्हणतात. मी ते त्याला सांगितलं तेव्हा तो इतका खूश झाला, की टेकडीच्या पोटातून गेलेला रोमन बोगदा त्यानं त्या खुशीतच पाहिला.

वर देवळांची जोतीच उरलीत. अपोलोच्या देवळाचं पुढे चर्च झालं. जोत्यात ख्रिस्ती थडग्यांचे खड्डे आहेत. त्याच्या वरच्या टप्प्यावर ज्युपिटरचं म्हणून ओळखलं जाणारं देऊळ आहे, त्यात बाप्तिस्म्याचं गोल कुंड अजून दिसतं. व्हर्जिलच्या मते अपोलोचं देऊळ बांधलं डेडॅलसनं. क्रीटमधून मेणाच्या पंखांनी उडत तो इथे उतरला, पंख देवाला वाहिले, देऊळ उभारलं आणि दरवाजांवर सगळी हकिगत सोन्यात कोरली: बैलमाणूस मिनोटॉर, भुलभुलैया, दोरा. एक प्रसंग तेवढा नाही. सूर्याजवळ जाऊन पडलेला मुलगा, इकॅरस, त्यानं दोनदा कोरायला घेतला आणि दोन्ही वेळा बापाचे हात गळाले. अशा प्रकारे व्हर्जिल आपल्याला एका न कोरलेल्या चित्रासमोर उभं करतो आणि पुढे जातो.

सिबिल नुसती काव्यात राहिली असती तर वेगळं. तिचे ग्रंथ रोमच्या सरकारी कारभारात होते. परंपरा अशी, की एक म्हातारी नऊ ग्रंथ घेऊन राजा टार्क्विनकडे आली. किंमत ऐकून राजा हसला. तिनं तीन जाळले आणि उरलेल्या सहांची तीच किंमत सांगितली. तो पुन्हा हसला. तिनं आणखी तीन जाळले. शेवटी उरलेले तीन राजानं नऊ ग्रंथांच्या किमतीत घेतले. ते कॅपिटोल टेकडीवर ज्युपिटरच्या देवळाखाली ठेवले गेले. त्यांच्यासाठी खास मंडळ होतं, पुढे त्यात १५ सदस्य झाले. आकाशातून दगड पडले, साथ आली, लढाई हरली, की सिनेट आज्ञा देई आणि मंडळ ग्रंथ उघडून कुठला विधी करायचा ते सांगे. पुढे काय होणार हे त्यात शोधत नसत, देवाचा राग कसा शमवायचा ते शोधत. हॅनिबलच्या युद्धात याच ग्रंथांच्या सांगण्यावरून इ.स.पू. २०४ मध्ये आशिया मायनरमधून महामातेची काळी शिळा जहाजानं रोमला आणली गेली. इ.स.पू. ८३ मध्ये देऊळ जळलं, ग्रंथ जळले. सरकारनं ठिकठिकाणी माणसं पाठवून सिबिलची वचनं नव्यानं गोळा केली आणि काम पुढे चालू ठेवलं. पुढे सम्राट ऑगस्टसनं ती तपासून, छाटून पॅलाटाइन टेकडीवर आपल्या घराला लागून बांधलेल्या अपोलोच्या देवळात हलवली. वाऱ्यावर उडणारी पानं अशी कुलपात गेली.

कुमाहून आम्ही बाईयाला आलो. श्रीमंत रोमनांचं हे विलासाचं गाव. गरम पाण्याचे झरे, समुद्रात पुढे आलेले महाल. त्यातला बराच भाग जमीन खचून पाण्याखाली गेला. तळाशी काच लावलेल्या होड्यांतून तिथल्या भिंती दाखवतात. सम्राट क्लॉडियसच्या काळातलं एक भोजनगृह असंच बुडालं होतं. तिथे मिळालेले पुतळे वर किल्ल्यातल्या संग्रहालयात ठेवलेत. त्यांत युलिसिस हात पुढे करून उभा आहे, हातात एकडोळ्या राक्षसाला पाजायच्या मद्याचा पेला असावा. पाहुणे रोज युलिसिसच्या महाकाव्याच्या साक्षीनं जेवत आणि पीत. नेपल्सच्या संग्रहालयात तर एनिअस, बाप आणि मुलगा या पवित्र त्रिकुटाला कुत्र्यांची तोंडं लावलेलं जुनं भित्तिचित्र आहे. घरोघरी माहीत असलेल्या काव्याचीच अशी थट्टा होऊ शकते.

किल्ल्यावरून दक्षिणेला मिसेनोचं भूशिर दिसतं. सपाट माथ्याचा एकटा डोंगर, दुरून थेट समाधीच्या चौथऱ्यासारखा. व्हर्जिल म्हणतो, ही समाधीच आहे. मिसेनस हा एनिअसचा तुतारीवाला. तो शंख फुंकून समुद्रदेवाला आव्हान देतो आणि देव त्याला बुडवतो. सिबिलनं एनिअसला बजावलेलं असतं: तुझा एक माणूस बेवारस मरून पडलाय, आधी त्याचं कर, मग पाताळाच्या गोष्टी. मग सगळे रानात शिरतात, झाडं पाडतात, चिता रचतात. प्रेताला गरम पाण्यानं न्हाऊ घालून तेल लावतात, त्याचीच जांभळी वस्त्रं अंगावर घालतात. जवळचे लोक तोंड फिरवून पाठमोऱ्यानं अग्नी देतात. धूप, अन्न, तेल चितेवर जातं. आग बसली की निखारे मद्यानं विझवतात, अस्थी वेचून काशाच्या कलशात भरतात. एक जण ऑलिव्हच्या डहाळीनं सगळ्यांवर तीन वेळा पाणी शिंपडत फिरतो आणि निरोपाचे शब्द म्हणतो. व्हर्जिलनं यातलं काहीही गाळलेलं नाही. पाताळाचं कुतूहल घेऊन आलेल्या वाचकाला तो आधी एका साध्या माणसाच्या अंत्यविधीला बसवतो.

याच बाईयामध्ये इ.स.पू. २३ मध्ये ऑगस्टसचा भाचा आणि जावई मार्सेलस मरण पावला, वयाच्या विशीच्या आसपास. सहाव्या सर्गाच्या शेवटी अँकायसिस पाताळात एनिअसला अजून जन्मायचे असलेले रोमन वीर दाखवतो आणि रांगेच्या टोकाला हा मुलगा असतो, कपाळावर काळोख घेऊन. व्हर्जिलनं हा सर्ग ऑगस्टससमोर वाचला तेव्हा मार्सेलसची आई ऑक्टेव्हिया तिथे होती. मुलाचं नाव ऐकताच ती बेशुद्ध पडली, असं प्राचीन चरित्रकार सांगतो. विजयाच्या मिरवणुकीच्या शेवटी कवीनं अंत्ययात्रा जोडली होती, तीही सम्राटाच्या तोंडावर.

अव्हर्नसला जायचं तर लुक्रीनो स्थानकावर उतरून थोडं चालायचं. वाटेत उजव्या हाताला एक झाडीनं भरलेला डोंगर आहे, मोंते नुओवो. १५३८ च्या सप्टेंबरअखेर जमीन फुटली आणि आठवड्याभरात तो उभा राहिला. त्रिपेर्गोले नावाचं गाव गाडलं गेलं आणि लुक्रीनोचं सरोवर आक्रसून तळं झालं. त्याला वळसा घातला की समोर अव्हर्नस. विवरात साचलेलं गोल तळं. काठावर वेळू, उतारावर द्राक्षमळे, पूर्वेला रोमन स्नानगृहाचा अर्धा पडलेला प्रचंड घुमट, त्याला लोक उगाच अपोलोचं देऊळ म्हणतात. सायकली, बाबागाड्या, आइस्क्रीम.

पक्षी या तळ्यावरून उडू शकत नाहीत, विषारी वाफेनं खाली पडतात, अशी जुनी समजूत. आमच्यासमोर बदकं पोहत होती. काठावर वाइन विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मळेवाल्याला दादानं खाणाखुणांनी आणि फोनवरच्या भाषांतरानं विचारलं, ‘इथे पक्षी नसतात म्हणे?’ तो म्हणाला, ‘नसते तर बरं झालं असतं. माझी द्राक्षं मग कोण खातं?’ मात्र २०२२ च्या मार्चमध्ये तळं लाल झालं होतं, ते त्यानं स्वतःहून सांगितलं. शास्त्रज्ञांनी सूक्ष्मजीवांचं कारण दिलं. त्याच्या बायकोनं तेवढे दिवस खिडकी उघडली नाही.

पक्ष्यांवरून मला पाचवा सर्ग आठवला. बापाच्या मृत्यूला वर्ष झालेलं असतं. एनिअस त्याच्या थडग्यापाशी मद्य, दूध, रक्त वाहतो, फुलं उधळतो. तेवढ्यात थडग्याच्या तळातून एक मोठा साप निघतो, वेदीभोवती फिरतो, वाढलेलं अन्न चाटतो आणि कुणाला काही न करता पुन्हा आत जातो. साप म्हणजे त्या जागेचा रक्षक की बापाचा सेवक, हे एनिअसला कळत नाही, पण तो नव्या उमेदीनं उरलेला विधी करतो. आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या, दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत आम्ही दोघं नदीवर ताटकळलो होतो. ‘अस्सं,’ दादा म्हणाला, ‘म्हणजे तिकडे साप शिवायचा.’ रोमन लोक हे दरवर्षी करत. १३ ते २१ फेब्रुवारी हे दिवस पितरांचे. देवळं बंद, लग्नं बंद. गावाबाहेरच्या थडग्यांवर जाऊन खापरावर थोडं धान्य, मीठ, मद्यात भिजवलेला पाव आणि फुलं ठेवायची. पितर थोडक्यात समाधान मानतात, असं ओव्हिड आपल्या ‘फास्टी’त सांगतो, आणि ही चाल एनिअसनं पाडली असंही.

एनिअस याच काठावर रात्री चार काळे बैल आणतो. सिबिल त्यांच्या कपाळावर मद्य ओतते, शिंगांमधले केस कापून आगीत टाकते. मग काळी मेंढी, वांझ गाय. पहाट होताना पायाखालची जमीन डरकाळ्या फोडते, रानाचे शेंडे हलू लागतात, कुत्री विव्हळतात, आणि ती दोघं गुहेत शिरतात. बरोबर सोन्याची फांदी असते. ती याच रानातल्या एका गर्द झाडावर होती आणि आईनं, व्हीनसनं, पाठवलेल्या दोन कबुतरांनी ती दाखवली होती. काव्यातला अव्हर्नस म्हणजे असं काळोखं, माणसाच्या कुऱ्हाडीची भीती नसलेलं, आदिम रान.

काठावरच्या एका लोखंडी दाराशी दादा थांबला. आत रोमन वास्तुकार कोकेइयसचा बोगदा: अव्हर्नसहून थेट कुमाला जाणारा, डोंगरातून जवळजवळ १ किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धात त्यात दारूगोळा साठवला होता, त्याचा स्फोट झाला. तेव्हापासून बोगदा मोडका आहे. दाराला कुलूप. दादानं गजांना नाक लावून जमेल तेवढं पाहिलं. ‘दोन तोंडांनी खणत आले असतील, आणि दोन हजार वर्षांपूर्वी! दिशा कशी साधली? तुझ्या कवीनं यावर काही लिहिलंय?’

या प्रश्नामुळेच आमचा सगळा प्रवास वळला. इ.स.पू. ३७ मध्ये ऑगस्टसला, तेव्हा तो अजून ऑक्टेव्हियन होता, सेक्स्टस पॉम्पीशी समुद्रावर लढायला आरमार हवं होतं. त्याचा सेनापती अग्रिप्पा यानं समुद्र आणि लुक्रीनो, लुक्रीनो आणि अव्हर्नस यांच्यामधल्या जमिनी कापून कालवे काढले, तळ्याचं आरमारी बंदर केलं आणि काठचं पवित्र रान तोडलं. जहाजं बांधली, वल्हेकरी तयार केले आणि पुढच्याच वर्षी नॉलोकसला लढाई जिंकली. काम चालू असताना तळ्यावरच्या एका देवतेच्या मूर्तीला माणसासारखा घाम फुटला, असं इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. भूगोलकार स्ट्रेबो तर स्पष्ट सांगतो: पूर्वी इथे पाताळाचं दार मानत, पुरोहित होते, बळी देत, अग्रिप्पानं रान तोडलं, घरं झाली, बोगदा झाला आणि त्या सगळ्या नुसत्या कथाच होत्या हे उघड झालं.

व्हर्जिलनं एनिड लिहायला घेतलं ते इ.स.पू. २९ च्या सुमारास. तो नेपल्समध्येच राहत होता. रान तोडून आठेक वर्षं झाली होती. आणि हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही, कारण आधीच्या ‘जॉर्जिक्स’मध्ये इटलीची थोरवी गाताना त्यानं याच बंदराचा, लुक्रीनोच्या बांधाचा आणि अव्हर्नसमध्ये शिरणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा उल्लेख अभिमानानं केला होता.

‘म्हणजे डोळ्यांदेखत गोदी असताना त्यानं रान लिहिलं,’ दादा म्हणाला. ‘खोटं लिहिलं.’

गोष्ट व्हर्जिलच्याही हजार वर्षं आधीची आहे, तेव्हा रान असणारच, असं मी म्हटलं. पण हे उत्तर तोकडं होतं, आणि ते दोघांनाही कळलं. व्हर्जिलच्या वाचकांनी ते बंदर पाहिलं होतं, त्यातले काही जण तिथून लढाईला गेले होते. रान वाचताना त्यांना तोडलेलं रानच आठवणार. शिवाय तरुणपणी व्हर्जिल नेपल्सजवळ सिरो नावाच्या एपिक्युरस पंथाच्या गुरूकडे शिकला. मेल्यावर काही उरत नाही, पाताळ ही भीतीची निर्मिती आहे, अशी या पंथाची शिकवण. हर्क्युलेनियमला राखेत सापडलेल्या कोळसा झालेल्या गुंडाळ्यांत त्याच पंथाच्या फिलोडेमसनं व्हर्जिलला नावानं संबोधलेलं वाचता आलं आहे. पाताळातून बाहेर पडायला त्यानं दोन दारं ठेवली आहेत: खऱ्या स्वप्नांसाठी शिंगाचं, खोट्या स्वप्नांसाठी हस्तिदंताचं. बापाचा उपदेश आणि रोमचं भविष्य ऐकून आलेल्या एनिअसला तो हस्तिदंताच्या दारातून बाहेर काढतो. का, यावर दोन हजार वर्षं वाद चालू आहे. मला एवढं दिसतं, की आपण काय बांधलंय हे त्याला पुरतं माहीत होतं, आणि त्यानं ते लपवलं नाही.

नेपल्सला परतल्यावर मेर्जेल्लिना स्थानकामागे पिएदीग्रोत्ताच्या बागेत व्हर्जिलची समाधी पाहायला गेलो. डोंगराच्या कड्याला खेटून चढत जाणाऱ्या पायऱ्या, वाटेवर त्याच्या काव्यात आलेली झाडंझुडपं नावांच्या पाट्यांसह लावलेली. वर दगडी गोल थडगं, आत अस्थिकलश ठेवायचे कोनाडे. खाली नेपल्सहून पोत्सुओलीकडे जाणारा सुमारे ७०० मीटरचा रोमन बोगदा. मध्ययुगात नेपल्सचे लोक म्हणत, हा बोगदा व्हर्जिलनं जादूनं एका रात्रीत केला. त्यांच्या लेखी तो कवी कमी, मांत्रिक जास्त. समुद्रातल्या किल्ल्याच्या पायात त्यानं एक अंडं ठेवलंय, ते फुटलं तर शहर बुडेल, अशीही दंतकथा. दादाला हे फार आवडलं. ‘बघ, लोकांनी शेवटी त्याला इंजिनियरच केलं.’

व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये ग्रीसहून परतताना ब्रिंडिसीला वारला, अस्थी इकडे आणल्या. आज दाखवतात ते थडगं त्याचंच का, यावर शंका आहेत. पूजा मात्र फार जुनी. पहिल्या शतकातल्या सिलियस इटॅलिकसनं ‘प्यूनिका’ हे लॅटिनमधलं उपलब्ध असलेलं सर्वांत लांब महाकाव्य लिहिलं, हॅनिबलच्या युद्धावर, १७ सर्ग. या धनवान माणसानं व्हर्जिलच्या समाधीची जागा विकत घेतली. स्वतःच्या वाढदिवसापेक्षा व्हर्जिलचा वाढदिवस तो अधिक भक्तीनं पाळी आणि समाधीकडे देवळात जावं तसा जाई, हे धाकट्या प्लिनीनं पत्रात नोंदवून ठेवलंय. नेपल्सचाच स्टेशियस ‘थीबेड’ संपवताना आपल्या काव्याला एनिडच्या मागे आदरानं अंतर राखून चालायला सांगतो.

समाधीजवळच्या कठड्यावर बसून मी सहावा सर्ग पुन्हा उघडला, मिसेनसच्या चितेपाशी. बाईयामध्ये तो प्रसंग मी विधींसाठी वाचला होता. आता दादाचा प्रश्न डोक्यात होता, म्हणून झाडं दिसली. माणसं जुन्या रानात शिरतात. पाइन कोसळतात, ओकवर कुऱ्हाडी वाजतात, अॅशची खोडं पाचर ठोकून फाडली जातात, मोठमोठे ओंडके डोंगरावरून लोळत येतात. एनिअसच्या हातातही कुऱ्हाड आहे. झाडं पडत असतानाच त्याला त्या अफाट रानाकडे पाहून सोन्याची फांदी आठवते. याच किनाऱ्यावरचं रान, तशाच कुऱ्हाडी. अग्रिप्पाच्या माणसांनी ज्यासाठी रान पाडलं तो तुतारी-ढोलांचा, आरमाराचा धंदा. इथे तुतारीवालाच मेलाय आणि लाकूड लागतंय ते त्याच्या चितेला. तोडलेलं रान व्हर्जिलनं नुसतं परत उभं केलं नाही. ते त्यानं काव्यात पुन्हा तोडायला लावलं, पण एका मेलेल्या सोबत्यासाठी, आंघोळ-तेल-धूप-अस्थी असा सगळा विधी नीट करून. सोन्याची फांदी मिळते ती याच तोडीच्या दरम्यान.

मी दादाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, ‘मग त्या ऑगस्टसला हे कळलं नाही का? त्याच्याच सेनापतीनं पाडलेलं रान ते.’

कळलं असेल किंवा नसेल. एवढं मात्र नोंदलेलं आहे, की एनिड पुरं झालं नाही, पन्नासहून जास्त ओळी अर्ध्यावर राहिल्या, आणि मरताना व्हर्जिलनं ते जाळून टाकायला सांगितलं. ऑगस्टसनं ते होऊ दिलं नाही. त्याच्या आज्ञेवरून व्हेरियस आणि टुक्का या कवीच्या मित्रांनी ते जसं होतं तसं प्रसिद्ध केलं, अर्ध्या ओळी अर्ध्याच ठेवून. ज्याच्या बंदरासाठी रान पडलं त्यानंच रानाचं काव्य आगीतून काढलं, आणि ते जाळायला निघाला होता कवी. सत्तेनं मोडायचं आणि कवीनं जपायचं, असा सरळ हिशेब घेऊन मी इकडे आले होते. तो या किनाऱ्यावर जुळत नाही. बंदरही टिकलं नाही. गाळ भरला, आरमार लवकरच मिसेनोला गेलं, त्या मेलेल्या तुतारीवाल्याच्या नावाच्या भूशिराखाली. पुढे जमीन खचली आणि अग्रिप्पाच्या भिंती समुद्राखाली गेल्या. दादाचं यावरचं मत ठाम आहे: गाळ येणारच होता, आधी पाहणी नीट केली नाही. बोगद्यात काही चूक होती, हे मात्र तो अजूनही कबूल करत नाही. त्याच्या मते कोकेइयसचं काम बिनचूक होतं, आणि दारूगोळा ठेवणाऱ्यांनी ते बिघडवलं.